पाणी कुठून बंद होतं?

मैत्रिणींनो, आज आधी एक प्रश्न विचारते. तुमच्या घरातलं पाणी कुठून बंद होतं?

"हा काय प्रश्न झाला? नळ फिरवला की बंद!" असंच म्हणाल. मीही तेच म्हटलं असतं. पण नळच तुटला तर? भिंतीतला पाईपच फुटला तर? तेव्हा हात कुठे घालायचा, हे आपल्यापैकी किती जणींना ठाऊक असतं? गॅसचा रेग्युलेटर कसा बंद करायचा हे आपण नव्या सुनेला पहिल्या दिवशी दाखवतो. विजेचा मेनस्विच कुठला ते घरातली पोरंसुद्धा सांगतात. पाण्याचं मात्र आपल्याला कोणी दाखवीत नाही आणि आपणही विचारीत नाही. ते काम 'ह्यांचं', नाहीतर नळवाल्याचं! आणि पाईप फुटतो तो नेमका सगळी मंडळी बाहेर पडल्यावर, घरात आपण असतो तेव्हा.

माझ्यावर ही वेळ आली ती गेल्या मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी. हे ऑफिसच्या कामाने नागपूरला गेले होते. थोरला शाळेत, धाकटी तापामुळे घरी. कलश मांडायचा म्हणून मी घर पुसायला घेतलं होतं. बेसिनच्या खाली फडकं फिरवताना तिथल्या छोट्या कॉकला जरासा धक्का लागला आणि क्षाराने आतून खाल्लेला तो कॉक मुळापासून तुटून हातात आला. पाण्याची धार सरळ समोरच्या भिंतीवर! मी टॉवेल कोंबला, पण पाणी चहूबाजूंनी उसळतच राहिलं. पदर खोचून गच्चीवर धावले. तिथे टाकीखाली आठ चाकं, रांगेत, सगळी एकसारखी. आमचं कुठलं? एक फिरवलं, दुसरं फिरवलं. तिसरं गंजून घट्ट बसलेलं, ते हलेचना म्हणून सोडून पुढे गेले. वरून ओरडून विचारतेय, "थांबलं का गं?" आणि खालून धाकटी ओरडतेय, "नाही आई!" तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी डोक्याला साबण लावलेल्या तशाच दारात आल्या, "अहो, आमचं पाणी कोणी बंद केलं?"

शेवटी जे चाक हलत नाही म्हणून मी सोडून दिलं होतं, तेच आमचं निघालं! समोरच्या दुकानातल्या मुलाने पान्हा लावून ते फिरवलं, तोवर पाऊण तास झाला होता.

आमच्या खालच्या मजल्यावर काका-काकू राहतात. काका दीड वर्षापासून अंथरुणाला खिळलेले. स्लॅबच्या फटीतून पाणी झिरपलं ते बरोबर त्यांच्या पलंगावर. काकूंना एकटीला पलंग ओढवेना. त्यांनी काकांच्या अंगावर पावसाळ्यातलं प्लॅस्टिक टाकलं आणि हातात पातेलं धरून त्या पलंगाशी उभ्या राहिल्या. मी खाली गेले तेव्हा तशाच उभ्या होत्या. आता बोलणी बसणार म्हणून मी मान खाली घातली. त्या एवढंच म्हणाल्या, "थांबलं का गं? बस, चहा टाकते." तो चहा काही माझ्या घशाखाली उतरेना.

त्या रविवारी मी नळवाल्या मामांना बोलावलं. त्यांची नात आमच्या शाळेत, म्हणून ते मला 'बाई'च म्हणतात. त्यांना म्हटलं, "मामा, दुरुस्ती मागाहून. आधी मला सगळं दाखवा. आज तुम्ही गुरुजी आणि मी विद्यार्थिनी." दोन तास मी त्यांच्या मागे वही घेऊन फिरले. त्या वहीतलंच आज तुम्हांला सांगते.

पाण्याची वाट

पहिली गोष्ट, पाणी कुठून येतं आणि कुठे जातं ती वाट एकदा डोळ्यांनी पाहून घ्या. नगरपालिकेच्या नळाचं पाणी मीटरमधून जमिनीतल्या हौदात येतं. हौदातून मोटर ते गच्चीवरच्या टाकीत चढवते. टाकीतून निघणारे पाईप भिंतीवरून खाली उतरतात, आणि प्रत्येक पाईपाला निघाल्याबरोबर एक व्हॉल्व्ह असतो. पाईप घरात शिरला, की न्हाणीघराच्या किंवा स्वयंपाकघराच्या तोंडाशी बहुधा दुसरा व्हॉल्व्ह असतो. आणि बेसिन, फ्लशची टाकी, गीझर यांच्या जवळ तिसरा, छोटा कॉक. म्हणजे पाणी तीन दारं ओलांडून आपल्यापर्यंत येतं. एक दार मोडलं तर मागचं लावायचं, इतकं हे सोपं आहे!

मामांनी न्हाणीघराच्या दारावरच्या माळ्यावरून दिवाळीच्या आकाशकंदिलाचे खोके बाजूला सारले. मागे एक लहानसा लाल दांडा होता. तो त्यांनी एका बोटाने आडवा केला आणि बेसिनचं, न्हाणीघराचं, सगळं पाणी थांबलं. मी बघतच राहिले. दहा वर्षं त्या घरात राहते, दरवर्षी तो माळा झाडते, त्या दांड्याला कधी विचारलं नाही, "बाबा, तू कशाचा?" पाऊण तासाचा तो गोंधळ एका बोटाचं काम होता.

टाकी जितकी उंच, तितका नळाला पाण्याचा जोर, हेही त्या दिवशी कळलं. टाकीतलं पाणी नळापेक्षा दहा मीटर उंच असेल, तर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलोचा दाब पडतो. म्हणून तळमजल्यावरचा नळ धो धो वाहतो आणि सगळ्यांत वरच्या मजल्यावरचा शॉवर रडतो. फुटलेल्या पाईपात चिंध्या कोंबून का भागत नाही, तेही यावरून कळेल. त्यात वेळ घालवू नका.

चाकं, दांडे आणि कॉक

गोल चाकाचा असतो तो गेट व्हॉल्व्ह. आत पितळेचा एक पडदा असतो, तो चाक फिरवलं की खाली सरकतो. घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवलं की बंद, उलट फिरवलं की चालू. पुष्कळ वेढे द्यावे लागतात. हा व्हॉल्व्ह एकतर पुरता उघडा ठेवावा, नाहीतर पुरता बंद. पाणी कमी यावं म्हणून आपण तो अर्धवट ठेवतो ना, तेच चुकतं. पाण्याच्या माऱ्याने पडद्याची कड झिजते आणि मग तो बंद केला तरी पाणी पाझरतच राहतं. पूर्ण उघडल्यावर पाव वेढा मागे घ्यावा, म्हणजे चाक घट्ट बसत नाही. आणि वर्षानुवर्षं हात लावला नाही, तर आमच्यासारखी गत होते. दर तीन महिन्यांनी एकदा बंद करून उघडायचं. मी अमावास्या-पौर्णिमेसारखी कॅलेंडरवरच खूण करून ठेवली आहे.

दांड्याचा असतो तो बॉल व्हॉल्व्ह. आत भोक पाडलेला एक गोळा असतो. दांडा पाईपाच्या रेषेत असला की चालू, पाईपाला आडवा असला की बंद. फक्त पाव वेढा. लांबून बघूनही कळतं की चालू आहे की बंद. जुनं चाक बदलायची वेळ आली, तर त्या जागी दांड्याचा व्हॉल्व्ह बसवून घ्या. घरातल्या आजींना आणि मुलांनाही तो फिरवता येतो.

बेसिनखाली आणि फ्लशच्या टाकीशी असतो तो अँगल कॉक. याच्यावर सगळ्यांत जास्त अन्याय होतो, कारण तो दिसत नाही. पितळेचा चांगला घ्या. त्याच्यावर पांढरट हिरवे क्षार जमलेले दिसले, की तो मोडायची वाट न बघता बदला. त्याला धरून उठू नका, त्याच्यावर फडकी वाळत घालू नका. (मी घालीत असे!)

हौदात आणि फ्लशच्या टाकीत तरंगता गोळा असतो, त्याला बॉल कॉक म्हणतात. पाणी वर चढलं की गोळा वर येतो आणि तोंड बंद करतो. गोळ्याला चीर पडून त्यात पाणी शिरलं की तो बुडतो, तोंड उघडंच राहतं आणि पाणी वाहत सुटतं. फ्लशची टाकी सारखी झुळझुळत असेल, तर आधी हा गोळा काढून कानाशी हलवून बघा. आत पाण्याचा आवाज आला, की नवा गोळा आणायचा.

आणि गच्चीवर म्हाताऱ्याच्या काठीसारखा वर जाऊन वाकलेला, उघड्या तोंडाचा एक पाईप दिसतो. 'हा उगीच कशाला?' म्हणून त्याला बूच मारू नका. तो हवेचा पाईप. टाकी धुतल्यावर पाईपात हवा धरते आणि टाकी भरलेली असूनही नळाला पाणी येत नाही, हा अनुभव तुम्हांला असेलच. ती हवा बाहेर जायला ही वाट असते.

एकाच बाजूला उघडणारं दार

आता एक असा व्हॉल्व्ह, जो आपण हाताने कधी फिरवीत नाही. त्याचं नाव नॉन रिटर्न व्हॉल्व्ह. आत एक झडप असते. पाणी पुढे जाताना ती उघडते, मागे यायला लागलं की मिटते. हौदात बुडालेल्या मोटरच्या पाईपाच्या तळाशी अशीच झडप असते, तिला फूट व्हॉल्व्ह म्हणतात. तिच्यात काडी-कचरा अडकला, की पाईपातलं पाणी हौदात उतरून जातं आणि मोटर नुसतीच फिरते. मोटरचा आवाज रोजच्यापेक्षा मोकळा आला आणि टाकीत धार पडत नसेल, तर मोटर लगेच बंद करा. कोरडी फिरून ती जळते.

पाणी उलट वाहणं ही नुसती गैरसोय नाही, त्याने जीवही जातात. १९३३ साली अमेरिकेत शिकागो शहरात जागतिक प्रदर्शन भरलं होतं. तिथे दोन हॉटेलांतल्या सदोष नळजोडण्यांमुळे घाण पाणी पिण्याच्या पाण्यात मिसळलं आणि अमांशाची मोठी साथ आली. त्या साथीत ९८ माणसं दगावली.

आपल्याकडे बहुतेक गावांत पाणी ठरावीक वेळीच येतं. पाणी गेलं की रिकामा होणारा पाईप मागे ओढ घेतो. अशा वेळी नळाला लावलेली रबरी नळी धुण्याच्या बादलीत बुडालेली असली, तर बादलीतलं ते साबणाचं, मळाचं पाणी नळाच्या पाईपात खेचलं जातं. दुसऱ्या दिवशी तेच कोणाच्या तरी हंड्यात! म्हणून नळाचं तोंड आणि बादलीची कड यांत चार बोटं अंतर हवंच. नळी लावलीच, तर काम झाल्यावर काढून ठेवावी. आणि नगरपालिकेच्या नळाला थेट मोटर लावून पाणी ओढणं तर अगदी वर्ज्य. शेजारणीच्या वाट्याचं पाणी जातं ते वेगळंच. पण जमिनीतल्या गळक्या सांध्यांतून गटाराचं पाणीही आपल्याच घरात ओढलं जातं.

गीझरचं गळकं नाक

मामा सगळ्यांत शेवटी गीझरपाशी आले आणि एकदम थांबले. "बाई, हे बूच कोणी मारलं?"

दोन वर्षांपूर्वी गीझरखालचा छोटा व्हॉल्व्ह थेंब थेंब गळायचा. फरशी ओली राहते म्हणून मीच कुरकुर केली होती, आणि तेव्हा आलेल्या एका माणसाने त्याच्या तोंडाला बूच मारून दिलं होतं. मला तर बरंच वाटलं होतं!

मामांनी समजावून सांगितलं. पाणी तापलं की फुगतं. पंधरा लिटरच्या गीझरमधलं पाणी साधारण २५ अंशांवरून ६५ अंशांपर्यंत तापलं, तर ते सुमारे पाव लिटरने, म्हणजे पेलाभर, वाढतं. मागे जायची वाट झडपेने अडवलेली, पुढे नळ बंद. मग हा पेलाभर जादा पाणी जाणार कुठे? ते बाहेर पडावं म्हणूनच तो सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. पाणी तापत असताना तो चार थेंब गळला, तर तो बिघडला नाही, आपलं काम करतो आहे. त्याच्या तोंडाला छोटी नळी लावून ती मोरीच्या जाळीपर्यंत न्यावी, फरशी ओली होत नाही. पाणी तापत नसतानाही सारखी धार लागली असेल, तर मात्र व्हॉल्व्ह बदलावा. बूच कधीही मारू नये. पाणी ठरावीक तापलं की वीज तोडणारा थर्मोस्टॅट आत असतो. पण तो एखाद्या दिवशी बिघडला, पाणी उकळत राहिलं आणि वाफेला वाट नसली, तर गीझर फुटू शकतो.

दोन वर्षं त्या गीझरखाली माझी मुलं आंघोळ करीत होती. केवळ थर्मोस्टॅट शाबूत होता म्हणून निभावलं. मैत्रिणींनो, हा लेख ठेवून आधी आपल्या गीझरखाली बघून या, मग पुढे वाचा. गच्चीवर सूर्यबंब असेल तर त्याचाही वर गेलेला उघडा पाईप बंद केलेला नाही ना, तेही बघा.

येत्या रविवारी एवढं करा

१. घरातल्या सगळ्यांना घेऊन टाकीपासून नळापर्यंतची वाट बघा. कुठला व्हॉल्व्ह कशाचा, हे एकेक बंद करून आणि नळ सोडून ठरवा. एक जण गच्चीवर, एक जण नळापाशी. मुलांना तर हा खेळच वाटतो. इमारतीत राहत असाल तर शेजाऱ्यांना आधी सांगा, म्हणजे कोणी साबण लावून बाहेर येणार नाही!

२. प्रत्येक व्हॉल्व्हला ओळखीची खूण करा. कागदाची चिठ्ठी उन्हापावसात टिकत नाही. मी जुन्या डब्यांच्या पत्र्याचे तुकडे कापून, कडा घासून, त्यांवर ऑइलपेंटने 'दुसरा मजला, न्हाणीघर' असं लिहिलं आणि तारेने बांधलं. आठही व्हॉल्व्हना. आता कोणाच्याही घरी काही झालं तरी शोधाशोध नाही.

३. एका कागदावर साधा नकाशा काढून तो स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. खाली नळवाल्याचा आणि वायरमनचा फोन नंबर मोठ्या अक्षरांत लिहा. चष्मा नसताना वाचता आला पाहिजे.

४. एका डब्यात पान्हा, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, पांढरी टेफ्लॉनची टेप, दोन-चार वॉशर आणि अर्ध्या इंचाचं एक बूच ठेवा. बूच गीझरला नाही हं! कॉक मोडला तर मागचं पाणी बंद करून त्या जागी बसवायला. मग घरातलं बाकीचं पाणी चालू ठेवता येतं.

५. गच्चीकडे जाणाऱ्या दाराची किल्ली कुठे असते ते सर्वांना माहीत हवं. माळ्यावरचा व्हॉल्व्ह खोक्यांनी झाकू नका.

आणि वेळ आलीच तर

धावपळ न करता हा क्रम लक्षात ठेवा. आधी सगळ्यांत जवळचा व्हॉल्व्ह बंद. तो नसेल किंवा मोडला असेल, तर त्याच्या मागचा. तोही हलेना, तर घरातले दुसरे नळ खालच्या बाजूला पूर्ण सोडा. त्याच पाईपावरचे असतील तर फुटक्या जागेचा जोर कमी होतो. पाणी विजेच्या बोर्डाकडे जात असेल, तर कोरड्या जागी उभं राहून, कोरड्या हाताने मेनस्विच बंद करा. बोर्ड किंवा मीटरच भिजला असेल, तर त्याला मुळीच हात लावू नका, वायरमनला बोलवा. गीझर बंद करा, आणि पाणी परत आल्यावर गरम पाण्याच्या नळाला धार लागल्याखेरीज तो सुरू करू नका. कोरडा गीझर तापला तर त्याची कॉइल जळते.

आणि एक राहिलं. खालच्या मजल्यावर कोणालातरी धाडून "आमच्याकडे पाईप फुटलाय, सामान सरकवा" एवढं आधी कळवा. आमच्या काकूंना मी दहा मिनिटं आधी सांगितलं असतं, तर दुकानातल्या मुलाने तो पलंग केव्हाच सरकवला असता.

परवा काकूंना गच्चीवर घेऊन गेले. गुडघे दुखतात, तरी एकेक पायरी चढून आल्या. पत्र्याच्या पाट्या वाचल्या. 'पहिला मजला' लिहिलेलं चाक दोन्ही हातांनी धरून त्यांनी स्वतः फिरवून पाहिलं, पुन्हा उघडलं आणि हात पुसत म्हणाल्या, "पन्नास वर्षं संसार केला बघ. पाणी भरलं, तापवलं, गाळलं, उपसलं. थांबवायचं मात्र आज शिकले."

तुम्ही पन्नास वर्षं थांबू नका. येता रविवार पुरे आहे.